कपाटातला चेंडू

एका मुलीच्या फॉर्मवर मी तीन शब्द लिहिले होते: ‘सूचना पाळत नाही’. ते खोटे होते, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. एवढं आधीच सांगून टाकतो. हल्ली दोन पानं लिहिली की बोटं आखडतात, आणि मध्येच थांबलो तर निदान हे तरी कागदावर राहील.

साठीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी तलासरीकडच्या एका शाळेत खेळाचा मास्तर होतो. घर डहाणू रोडला लागून मसोलीत, वडील रेल्वेत. सोमवारी पहिल्या एसटीने तलासरीला जायचं, आठवडाभर शाळेच्या मागच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी दुपारी परत. त्या खोलीत मी चार वर्षं काढली आणि त्यातला बराचसा वेळ डहाणूच्या हायस्कुलात बदली कधी होईल याचा विचार करण्यात घालवला. हे मुद्दाम लिहितो. पुढे मी जे केलं त्यामागे हा विचार होता.

एका उन्हाळ्यात आम्हा खेळाच्या मास्तरांना पुण्याला शिबिराला बोलावलं. तिथे सॉफ्टबॉल नावाचा नवा खेळ शिकवला. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा चेंडू, तो हात खालून आणून टाकायचा, समोरच्याने बॅटने मारायचा आणि चार बेसना शिवून परत यायचं. टाकणारा तो पिचर. सगळा खेळ त्याच्या हातावर. मला दहा दिवसांत जेवढं कळलं तेवढं मी वहीत उतरवून घेतलं: हात कानाजवळून वर, पूर्ण चक्कर, कोपर सैल, डावा पाय पुढे, हात कमरेशी आला की मनगटाचा झटका आणि तिथेच चेंडू सुटला पाहिजे. कमरेशी, त्याच्या पुढे नाही. ही वही माझ्याकडे अजून आहे. अक्षर चांगलं होतं माझं.

पावसाळ्यानंतर जिल्ह्याकडून प्रत्येक शाळेला एक बॅट आणि एक चेंडू आला. पांढरा, गुळगुळीत, लाल टाक्यांचा. हेडमास्तरांनी तो दोन्ही हातांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, हा मळला तर तपासणीला साहेब आल्यावर काय दाखवायचं?”

मलाही ते पटलं. आमच्या शाळेत पृथ्वीचा गोल होता, भिंग होतं, हाडांच्या सांगाड्याचा नकाशा होता. सगळं कपाटात. तपासणीच्या दिवशी ते टेबलावर मांडायचं, साहेब गेले की पुसून परत ठेवायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. सामान खराब न होणं म्हणजेच शाळा नीट चालणं, अशी आमची समजूत होती. चेंडू वर्तमानपत्रात गुंडाळून, डांबराची गोळी घालून, मी स्वतः गोलाच्या शेजारी ठेवला.

सरावासाठी डहाणूच्या मोच्याकडून चेंडू शिवून घेतला. मोची गुजराती, बोलणं निम्मं त्याचं, निम्मं आमचं. मी हाताने माप दाखवलं.

“मास्तर, आ दडो छे के नारियेळ?”

“बॉल आहे. मुलींचा खेळ आहे.”

“छोकरीओनो? मग नरम करू?”

“नरम नको. टणक कर. टिकला पाहिजे.”

त्याने आत काथ्या आणि सायकलच्या टायरचे तुकडे ठोसून वरून म्हशीचं कातडं ओढलं. आठ दिवसांनी हातात देताना म्हणाला, “लो, तुमची बदली होशे, पण आ नही फाटशे.” मी हसलो. माझ्या बदलीची काळजी मोच्यालाही होती.

आता ती मुलगी. झरीच्या बाजूच्या एका पाड्यावरून चालत यायची. सातवीत. त्या काळी आमच्या सातवीत मुली होत्या तीन, त्यातली ही वारली घरातली एकटी. बारीक, हाताने लांब. शेतातली पाखरं हाकलायला लहानपणापासून माचीवर बसलेली, त्यामुळे गोफण हातात खेळलेली. मी पाचवी-सहावीच्या मुली धरून सगळ्यांना रांगेत उभं करून चेंडू टाकायला लावला तेव्हा बाकीच्या मुलींनी तो पोतं फेकावं तसा फेकला. हिने एकदाच पाहिलं आणि हाताची अशी चक्कर घेतली की मी शिट्टी वाजवायची विसरलो. खांदा मोकळा, कोपर सैल, मनगट असं सुटायचं की चेंडू गेल्यावरही बोटं हलत राहायची. पुण्यात आम्हा पंचवीस मास्तरांत एकालाही ते जमलं नव्हतं.

“कधी सोडायचं ते कसं कळतं तुला?” मी विचारलं.

“दगूडच सांगतो ना गुरुजी, आता सोड म्हणून.”

मुली हसल्या. मीही हसलो आणि म्हणालो, “इथे दगडाचं ऐकायचं नाही. माझं ऐकायचं.”

“हो, गुरुजी,” ती म्हणाली. आणि त्या दिवसापासून तिने माझं ऐकलं.

मोच्याचा चेंडू जड होता. किती, ते मी तेव्हा पाहिलं नाही. तिने कमरेशी सोडला की तो बॅट धरलेल्या मुलीच्या चार पावलं अलीकडे धूळ उडवत पडायचा. सकाळी गवतावर दव असलं की आणखी अलीकडे. दोष चेंडूचा असेल हे माझ्या मनात आलं नाही. वहीतलं लिहिलेलं चुकीचं कसं असेल, हा प्रश्न मात्र पडला आणि तो मी सोपा करून सोडवला: आमच्या मुलींना जोर कमी, म्हणून यांना थोडं उशिरा सोडायला शिकवलं पाहिजे. मांडी ओलांडून हात पुढे आला की मग. आणि झटक्याने जड चेंडू हातातून वाकडा निसटायचा, म्हणून मनगट ताठ.

तिला ते जमेना. हात आपोआप कमरेशी उघडायचा. मी तिच्या मांडीवर, परकरावरच, खडूने रेघ मारायला दुसऱ्या मुलीला सांगितलं. “ही रेघ ओलांडल्याशिवाय चेंडू सुटता कामा नये.” मनगटाला सुताराकडची पातळ पट्टी कापडाने बांधली. रोज शाळा सुटल्यावर साठ चेंडू. मी दूर उभा राहून ओरडायचो, “लवकर! परत लवकर सोडलास!” ती परत टाकायची. दिवाळीनंतर तिच्या पाड्यावरचे सगळे गवत कापायला जात, तीही सुटीच्या दिवशी जायची. सोमवारी खांदा उचलताना तोंड कसंतरी व्हायचं.

“दुखतंय का?”

“नाय गुरुजी.”

विळ्याने दुखत असेल, असं मी मनाशी ठरवलं. दोन महिन्यांत तिला माझं शिकवणं जमलं. पट्टी काढली तरी मनगट हलेना. चेंडू रेघेच्या पुढेच सुटायचा आणि बरोबर बॅटच्या उंचीवर पोचायचा. मला फार समाधान वाटलं. एका मुलीचा हात मी घडवला असं मी घरी वडिलांना सांगितलंसुद्धा.

त्याच सुमारास डहाणूला मुलींचं वसतिगृह निघत होतं. आमच्या शाळेत सातवीच्या पुढे वर्ग नव्हता. तलासरीकडच्या मुलींना आठवीला जायचं तर डहाणू, आणि डहाणूत राहायचं तर ते वसतिगृह. जागा थोड्या. आमच्या शाळेतून एकीचं नाव जायचं होतं. हेडमास्तर म्हणाले, “अभ्यासात तिन्ही सारख्याच आहेत. पण ही खेळात चमकली तर हिचं नाव ठामपणे लिहिता येईल. फॉर्मवर खेळाच्या मास्तरांचा शेरा लागतो.”

तिचा बाप एकदा शाळेच्या दारात आला, पायरीवर बसला. वर बसा म्हटलं तरी वर आला नाही. “गुरुजी, जागा भेटली तं शिकल. नाय भेटली तं गवताला येल. मागणी पण आलीय एका घराची. मी त्यांना थांबा बोललो हाय.”

“थांबू द्या,” मी म्हणालो. “मिळेल जागा.”

हे मी बोललो होतो.

सामना डहाणूला, शहरातल्या मुलींच्या शाळेविरुद्ध. वसतिगृहाच्या समितीतले दोघे खुर्च्यांवर बसले होते. समुद्राकडून वारा येत होता. आमच्या मुली एसटीने उलट्या करत आलेल्या, पांढऱ्या ब्लाउजवर शाळेच्या रिबिनी. अंपायर म्हणून डहाणूचे खेळाचे मास्तर होते, माझ्याहून वयाने मोठे, आणि माझी बदली व्हायची तर त्यांच्याच हाताखाली व्हायची होती. त्यांनी खिशातून कोरा पांढरा चेंडू काढला आणि तिच्या हातात दिला.

तिने तो हातात घेतला, वर-खाली केला आणि माझ्याकडे धावत आली.

“गुरुजी, हा हलका हाय.”

“बरंय मग. सोपं जाईल.”

“नाय गुरुजी, हा येगळा सांगतो. लवकर सोडू काय?”

आजही या ठिकाणी आलो की लिहिणं थांबतं. तेरा वर्षांच्या मुलीला जे एका क्षणात कळलं ते तिने मला सरळ विचारलं होतं. मी “हो” म्हणायचं होतं. पुण्याची वहीसुद्धा तेच सांगत होती. पण खुर्च्यांवरची माणसं बघत होती, अंपायर घड्याळ बघत होते, आणि आयत्या वेळी पोरगी मला शिकवते आहे असं मला वाटलं.

“तुला दोन महिने काय सांगितलंय? रेघेच्या पुढे. जसं सांगितलं तसंच टाकायचं. जा.”

“हो, गुरुजी.”

पहिला चेंडू बॅट धरलेल्या मुलीच्या डोक्यावरून गेला. दुसराही. हलक्या चेंडूने हात झपकन फिरायचा आणि मांडी ओलांडेपर्यंत थांबलं की तो वरच जायचा, दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. चार चेंडू असे चुकले की समोरच्या मुलीला एक बेस फुकट. डहाणूच्या मुली बॅट न हलवता एकामागून एक चालत गेल्या. तिथल्या पोरी ओरडू लागल्या, “अगं, पतंग उडवतेय काय? मांजा दे तिला, मांजा!” माणसंही हसली. ती प्रत्येक चेंडूनंतर माझ्याकडे बघायची आणि मी हाताने मांडीकडे खूण करायचो. पुढे, अजून पुढे. ती आणखी पुढे सोडायची. चेंडू आणखी वर.

तिने एकदाही स्वतःच्या मनाने टाकला नाही. एक तरी टाकला असता.

खेळ संपल्यावर सगळे सरबतासाठी झाडाखाली जमलो. डहाणूचे मास्तर म्हणाले, “काय हो, मुलीला शिकवलं कुणी? मनगट आहे की लाकूड? चांगला हात वाया घालवलात.”

हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. समितीतला एक जण पण.

मी म्हणालो, “मी सांगतो एक, ती करते एक. ऐकतच नाही.”

ती तीन पावलांवर होती, पेला हातात धरून. तिने माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, उलटा-सुलटा करून, जणू त्यानेच काहीतरी केलं असावं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसली होती. विवळवेढ्याला गाडी थांबली तेव्हा मुलींनी तिला चिक्की देऊ केली, ती तिने घेतली आणि खाल्ली. ते पाहून मला जरा बरं वाटलं. लहान आहे, विसरेल, असं मी स्वतःला सांगितलं.

फॉर्म सोमवारी द्यायचा होता. त्या शनिवारी मी घरी जाताना दोन्ही चेंडू बरोबर घेतले. कपाटातला पहिल्यांदाच बाहेर काढला. का, ते सांगता येत नाही. झोंबत होतं काहीतरी. रविवारी सकाळी मसोलीतल्या किराणावाल्याकडे गेलो.

“तराजू जरा दे.”

“काय मास्तर, बॉल विकायला काढले?”

एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरा ठेवला. मोच्याच्या चेंडूचं पारडं धपकन खाली बसलं. कपाटातल्याच्या बाजूला वजनं टाकत गेलो. जवळजवळ दीडपट निघाला. किराणावाला म्हणाला, “हा तर मुलींच्या डोक्यात बसला तर फुटेल डोकं.” मी दोन्ही पिशवीत टाकले आणि समुद्रापर्यंत चालत जाऊन आलो.

म्हणजे मला कळलं होतं. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी मला सगळं कळलं होतं. हे सांगायचं म्हणूनच हा सगळा खटाटोप. पुढे कित्येक वर्षं मी घरात, मित्रांत ही गोष्ट सांगताना तराजूचा भाग फॉर्मच्या नंतर सांगत आलो. “फार उशिरा लक्षात आलं हो,” असं म्हणायचो, लोक हळहळायचे. उशिरा आलं नव्हतं. एक पूर्ण दिवस आणि एक रात्र माझ्या हातात होती.

सोमवारी हेडमास्तरांनी फॉर्म पुढे सरकवला. ‘शिस्त व वर्तन: क्रीडाशिक्षकाचा अभिप्राय.’ मी जर लिहिलं असतं की मुलगी गुणी आहे, दोष शिकवण्यात होता, तर झाडाखालचं माझं बोलणं हेडमास्तरांच्या समोरच खोटं ठरलं असतं. त्यांचा भाचा डहाणूच्या त्या मास्तरांचा शेजारी. बोलणं तिथे पोचायला दोन दिवस लागले नसते. मी पेनाचं टोपण काढलं आणि ते तीन शब्द लिहिले.

हेडमास्तर वाचून म्हणाले, “इतकं कडक?”

“आहे ते आहे,” मी म्हणालो.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तीही चांगली होती, तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पुढे पावसाळ्यात समितीच्या कारकुनाची स्टेशनवर गाठ पडली, तेव्हा तो सहज म्हणाला, “ती पाड्यावरची पोरगी घेणार होते हो. बापाने थांबवून धरलंय लग्न, असं कुणीतरी सांगितलं होतं. पण तुमच्या शेऱ्यापुढे काय करणार?” त्याला वाटलं मला ठाऊक असेल.

त्याच वर्षअखेर माझी डहाणूला बदली झाली.

नंतर ती एकदाच भेटली. पाच-सहा वर्षं झाली असतील. डहाणूच्या गवताच्या वखारीवर गाड्या खाली होत होत्या, मी सायकल हातात धरून वाट मिळायची वाट बघत होतो. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी हाक मारली.

“गुरुजी! ओळखला काय?”

डोक्यावर चुंबळ, कडेला मूल. मी ओळखलं. बरोबरची बाई कोपराने ढोसत म्हणाली, “हाच काय गो तुझा बॉलवाला मास्तर?” आणि दोघी हसल्या. तिच्या हसण्यात खरंच आनंद होता. मी माझ्यासाठी तिरस्कार शोधत होतो, तो तिथे नव्हता.

“कशी आहेस?”

“बरी हाय. तुमी आता इथंच ना? मोठ्या शाळंत?” मग मुलाला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, “गुरुजी, तुमी तवा किती मेहनत घेतली माझ्यावर. मलाच जमला नाय. तुमी सांगला तसा मी करायची, मला वाटायचा तसाच करते. पण कुठंतरी माझाच चुकत असल.”

गाडीवरचा माणूस ओरडत होता, बाजूला व्हा. मला बोलायला पुरेसा वेळ होता. तिचं काही चुकलं नव्हतं, हे सांगायला एसटीला हात करण्याएवढाही वेळ लागला नसता.

“होतं असं कधी कधी,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. “माझी धाकटी बहीण औंदा सातवीत हाय. चांगली फेकते, माझ्यापरीस चांगली. नवीन गुरुजी आलेत ते शिकवतात. मी तिला बजावला हाय, माझ्यासारखा करू नको. गुरुजी सांगतील त्याच्या बाहेर जायचा नाय. अगदी सांगतील तसाच टाकायचा.”

तिला वाटलं मला ते आवडेल. तोंडाकडे बघत उभी राहिली.

“बरं केलंस,” मी म्हणालो आणि वाट मोकळी झाली तशी सायकलवर बसलो.